प्लेऑफची मॅच चालू असताना मी उठले

मंडळी, आज घरात माझ्याशी कुणी बोलत नाहीये.

दुपारी आइस हॉकीची प्लेऑफ मॅच. आपली टीम एका गोलने पुढे, पाच मिनिटं उरलेली. तेवढ्यात किचनमध्ये माझा फोन वाजला.

"आई, डोन्ट मूव्ह!" मुलगा ओरडला.

हा नियम त्याच्या बाबांचा. ऐंशीच्या दशकात आम्ही अमेरिकेत, ॲन आर्बरला नवीन होतो. सीझनभर रडतखडत खेळलेली टीम प्लेऑफमध्ये अचानक जिंकायला लागली. ह्यांना हॉकी कळत नव्हती, म्हणून ह्यांनी क्रिकेटचा नियम लावला: गोल झाला तेव्हा जो जिथे बसला होता, त्याने तिथेच बसायचं. मी जिन्याच्या पायरीवर होते. पुढची प्रत्येक मॅच त्याच पायरीवर!

एकदा ओव्हरटाइममध्ये, जो पहिला गोल करेल तो जिंकणार अशा वेळी, असाच फोन वाजला. मी उठणार, तर हे म्हणाले, "अगं, बस! एक गोल होऊ दे." फोन वाजून वाजून थांबला. आपण जिंकलो.

तो फोन नागपूरहून माझ्या वडिलांचा होता. टेलिफोन ऑफिसात तासन्‌तास बसून त्यांना लाइन मिळाली होती. महिन्याभरात ते गेले. फोनचं मला दादाने नंतर सांगितलं.

आज मी उठले. फोन कानाला लावला आणि मागून "ओह नो!" ऐकू आलं. बरोबरी झाली, मग हरलोच. नात म्हणते, "आजी, युअर फॉल्ट!"

खरं सांगा, तुम्ही बसून राहिला असता?

फोन गाडीची वॉरंटी विकणाऱ्याचा होता. तरी मी त्याचं बोलणं शेवटपर्यंत ऐकलं.