तळाचा चुना

आमच्या घरातली खाऱ्या पाण्याची काचेची टाकी नवऱ्याची, असं सगळी आळी समजते. त्याने ती आणली, एवढंच खरं. तो बोटीवर इंजिनिअर आहे. एका सुट्टीत त्याने टाकी, दिवे, पंप आणि मुंबईच्या दुकानात टाकीतच वाढवलेलं करंगळीएवढं प्रवाळ आणून हॉलमध्ये मांडलं आणि तीन आठवड्यांनी बोटीवर निघून गेला. मागे उरलो मी, सासूबाई आणि ते प्रवाळ. येणारा-जाणारा हसायचा, "समुद्र पाच मिनिटांवर नि तुम्ही घरात मीठ कालवताय?" पावसाळ्यात खाडीचं गढूळ पाणी टाकीत ओतून बघा म्हणावं, मग हसा.

मी शाळेच्या प्रयोगशाळेत नोकरी करते, त्यामुळे थेंब मोजायची सवय होती. प्रवाळाला आपला सांगाडा बांधायला पाण्यातल्या दोन गोष्टी लागतात. एक कॅल्शियम आणि दुसरी अल्कलिनिटी, म्हणजे सोड्यासारखा क्षार. दोन्ही रोज थोड्या थोड्या खर्ची पडतात. नवरा फोनवरून पावडरी सांगायचा. एक वाढवली की दुसरी घसरायची. चिडून दोन्ही वाढवल्या की त्या एकमेकींना धरून पांढरा गाळ होऊन तळाशी बसायच्या आणि प्रवाळ उपाशीच राहायचं. वर्षभर माझा हाच खेळ चालला होता.

वाट दाखवली ती सासूबाईंनी. माझी वैतागलेली बडबड ऐकून त्या पानाला चुना लावता लावता म्हणाल्या, "अगो, पोरांना आम्ही चुन्याची निवळी द्यायचो, ती दे की त्याला. चुना पाण्यात ढवळायचा नि झाकून ठेवायचा. वरचं नितळ पाणी तेवढं घ्यायचं. तळाला हात लावू नको हां."

मी हसले, पण शोधलं तर टाक्या पाळणारे लोक जगभर हेच करतात. त्या नितळ पाण्यात दोन्ही गोष्टी प्रवाळाला हव्या त्याच मापात असतात. मी शुद्ध चुन्याची पूड मागवली, ती बरणीत कालवायची रीत मात्र सासूबाईंचीच ठेवली. टाकीतलं जेवढं पाणी उडून जाई तेवढी निवळी रोज सकाळी सलाईनच्या नळीतून थेंब थेंब सोडायची, आकडे वहीत लिहायचे आणि मग शाळेत जायचं. तीन वर्षांत करंगळीएवढं प्रवाळ तळहाताएवढं झालं. त्याच्या जांभळ्या टोकांकडे बघत मी चहा प्यायचे. त्याच्यावर माझा जीव होता, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

या जानेवारीत नवरा सुट्टीवर आला. चौथ्या दिवशी मी शाळेतून परतले तर टाकी ताकासारखी पांढरी झालेली, आणि हा बाजूला उभा राहून हात पुसतोय.

"अगं, सगळा चुना बरणीच्या तळाला बसला होता," तो म्हणाला. "तू नुसतं वरचं पाणीच घालत होतीस. मी हलवून अख्खी बरणी ओतली."

चेहऱ्यावर कौतुकाची वाट बघणारं हसू होतं. भांडं विसळून ते पाणीही आमटीत घालणारी माणसं आम्ही. तळाचं वाया घालवायचं नाही, हे आमच्या हाडात आहे. पण त्याच बरणीशेजारी माझी वही होती. तीन वर्षांचे आकडे होते. ती त्याने उघडली नाही. मला एक फोन केला नाही. बोटीवरचा एक तरी व्हॉल्व्ह हा माणूस कोणाला न विचारता फिरवील का?

मी बादल्या भरल्या. संध्याकाळपर्यंत अर्ध्याहून अधिक पाणी बदललं, तरी चुन्याने भाजलेली प्रवाळाची कातडी सुटून पाण्यात तरंगत होती. पाणी बदलण्याआधी मी ते तपासलं होतं. अख्खी बरणी ओतूनही कॅल्शियम आणि अल्कलिनिटी दोन्ही सकाळपेक्षा खाली. सगळं गाळ होऊन बसलेलं. मी आकडे त्याच्यासमोर धरले.

"आणू गं दुसरं," तो म्हणाला.

दुसरं! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हातातली बादली मी तिथेच आपटली.

आजवर लेकाविरुद्ध अवाक्षर न काढलेल्या सासूबाई आतून आल्या. "मेल्या, तिला विचारलंस काय?"

"चुना घालण्यात विचारायचं काय, आई?"

"मी तिला सांगितलेलं, तळाला हात लावू नको म्हणून. तिने ऐकलं. तुला सांगायला तू विचारतोस कधी?"

तो बाल्कनीत जाऊन उभा राहिला. आठवड्याभरात प्रवाळ हाडासारखं पांढरं पडलं. तो बोटीवर परत गेला तरी 'चुकलं' हा शब्द काही त्याच्या तोंडून आला नाही.

मेलेल्या प्रवाळाच्या मागच्या बाजूला नखाएवढं एक टोक जिवंत राहिलं होतं. ते मी हलकेच तोडलं, दगडाच्या चिपेवर चिकटवलं आणि टाकीच्या कोपऱ्यात ठेवलं. निवळी पुन्हा थेंब थेंब सुरू केली. आता त्याला दोन नवे फुटवे आलेत.

नवरा व्हिडिओ कॉल करतो. "दाखव बघू माझी टाकी," म्हणतो. मी फोन त्या पांढऱ्या सांगाड्यासमोर धरते. "काढून टाक ना ते आता," तो दर वेळी म्हणतो. मी काढत नाही. कोपऱ्यातलं जांभळं टोक त्याला मी अजून दाखवलेलं नाही, आणि त्याने विचारलेलंही नाही.