पाहुणे हलवायचा रविवार

ज्या रविवारी मला बघायला पाहुणे येणार होते, त्याच रविवारी मला पाहुणे हलवायचे होते. हे वाक्य मी आईला जसंच्या तसं सांगितलं आणि तिथंच घोटाळा झाला. ती म्हणाली, "हलवायचं म्हंजे? अजून आलं न्हाईत, तर हलवतीस कुठनं?"

नीट सांगते. मी इंदापूरकडच्या एका दूध संघात सर्व्हर सांभाळते आणि राहते जळोचीला, आईपप्पांजवळ. संघाचे सर्व्हर मोजून दोन, पण त्यांच्या पोटात सॉफ्टवेअरनं बनवलेली वेगवेगळी यंत्रं चालतात. एक दुधाचं, एक पगाराचं, एक पशुखाद्याचं. हात लावून दाखवा म्हणाल तर दाखवता येत नाहीत, पण काम मात्र खऱ्यासारखं करतात. इंग्रजीत या आतल्या यंत्रांना गेस्ट म्हणतात. आमच्या ऑपरेटरनं हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा म्हणाला, "म्हंजे पाहुणे!" झालं. तेव्हापासून संघात तेच नाव. "मॅडम, पगाराचा पाहुणा सकाळधरनं उठला न्हाय," असं तो साहेबांच्या देखत बोलतो आणि साहेबही मान डोलावतात.

तर त्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती चढवायची होती. जुनीला कंपनीनं कधीच वाऱ्यावर सोडलं होतं, आणि आमचे साहेब "चाललंय ना, मग चालू द्या" म्हणत दिवस ढकलत होते. शेवटी परवानगी मिळाली ती रविवारची. सकाळचं दूध आटोपलं की संध्याकाळचं सुरू व्हायच्या आत सगळं उरकायचं. एका सर्व्हरवरचे पाहुणे दुसऱ्यावर हलवायचे, रिकाम्यावर नवी आवृत्ती चढवायची, मग पाहुणे इकडे आणून दुसऱ्याचं तसंच करायचं. पाहुणे चालू असतानाच हलतात, त्यांना पत्ताही लागत नाही.

"म्हशीची धार थांबत न्हाई, तसं स्थळ बी थांबत न्हाई," आई म्हणाली. "दूध सकाळ-संध्याकाळ, पाहुणं दुपारी. बसतंय की मधी!"

स्थळ डाळजचं होतं. मुलगा एमआयडीसीत इंजिनियर, घरी गाई, ऊस, बोअरला पाणी. फोटोत मला आवडला होता, खोटं कशाला बोलू. पत्रिका आमच्यात बघत नाहीत, तेवढी कटकट वाचली. पण मध्यस्थानं आधीच पाचर मारून ठेवली होती, की त्या घरात सुना नोकरी करत नाहीत. आई मला म्हणाली, "इच्यारलं तर व्हय म्हण. पुढचं पुढं बघू." माझं डोकंच फिरलं. मला मुलगा चालला असता, पण नोकरी सोडायची नव्हती. किती भांडून मिळवली होती मी ती! तरी आईपुढे गप्प बसले, कारण तिनं हातात साडीच्या पिना धरल्या होत्या.

दुपारी स्वयंपाकघरात ओट्यावर पिठाच्या डब्याशेजारी लॅपटॉप मांडला. काही अडलंच तर हात लावायला ऑपरेटर तिकडे सर्व्हरच्या खोलीत बसला होता, त्याचा फोन स्पीकरवर. आई माझ्या निऱ्या घालत होती आणि मी लॅपटॉपवर डोळे लावून ओरडत होते. त्या नादात बाहेरच्या खोलीत पाहुणे ठरल्यापेक्षा लवकर येऊन बसले, जयभीम झाला, पप्पांनी पाणी आणि बाहेर मांडून ठेवलेले पोहेही दिले, आणि आम्हाला थांगपत्ता नाही. मधे नुसता एक पडदा.

"मॅडम, दोन पाहुणे गेलं पलीकडं," फोनमधून आवाज आला. "तिसरा हलना."

"तो हलणारच नाही लवकर," मी म्हणाले. "भरमसाट जड आहे तो. खाऊन खाऊन फुगलाय नुसता."

"मग काय करू? बंद करू त्याला?"

"थोडी वाट बघू. नाहीच हलला तर जिथं आहे तिथंच संपवू आणि उचलून पलीकडं टाकू."

बाहेर कुणीतरी खाकरलं. आईनं पडदा किलकिला करून पाहिलं आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. खुर्चीत मुलाचा मामा बसला होता. बसला होता म्हणजे खुर्ची दिसत नव्हती. पोह्यांचा चमचा त्यानं तोंडापाशी धरून ठेवला होता, आणि तो हळूच बशीत परत ठेवला.

पप्पा अशा वेळी फक्त हसतात आणि पंखा वाढवतात. त्यांनी पंखा वाढवला. आईनं चहाचा ट्रे माझ्या हातात कोंबून मला बाहेर ढकललं.

मी सगळा खुलासा केला. संघ सांगितला, सर्व्हर सांगितला, पाहुणे म्हणजे कोण ते सांगितलं. मामा म्हणाले, "आसं व्हय?" पण त्यांनी पुन्हा पोह्यांना हात लावला नाही. मुलाच्या वडिलांनी, सगळे त्यांना आबा म्हणत होते, फार बारकाईनं ऐकलं आणि विचारलं, "म्हंजे जे न्हायच, ते हितनं उचलून तितं ठिवायचं, आन् त्याचा पगार घ्यायचा?"

"तसंच म्हणा आबा."

"ब्येस हाय. पर लग्नानंतर हे काय कामाचं? घरी काय कमी हाय का?"

आईनं डोळे वटारले. माझ्या तोंडात न्हाय होतं, पण मी म्हणाले, "चहा गार होतोय." मुलगा मान खाली घालून बशीतली शेव गोळा करत होता. त्यानं एकच प्रश्न विचारला, "नवीन व्हर्जन कितवं?" मी सांगितलं. तो "अच्छा" म्हणाला. जीव जळाला माझा.

उन्हं कलली. मधेमधे आत जाऊन मी काम संपवलं होतं, तीनही पाहुणे नव्या आवृत्तीवर आले होते, दुधाच्या पाहुण्याला एकदा बंद करून चालूही केलं होतं. मी रिकामे कप ट्रेमध्ये गोळा करत होते, तोवर आबांचा फोन वाजला. गावातल्या, आमच्याच संघाच्या संकलन केंद्रावरून त्यांचा भाऊ ओरडत होता. एवढ्या मोठ्यानं, की सगळ्या खोलीला ऐकू गेलं. केंद्रावरचं यंत्र फॅट दाखवतंय, पण पावती येत नाही. पावतीशिवाय कुणी कॅन ओतायला तयार नाही. रांग रस्त्यापर्यंत गेलीय आणि आपल्या सगळ्या गाईंचं दूध उन्हात उभं आहे.

आबा ताडकन उठले. "कुणाचा हलगर्जीपणा हाय ह्यो? कोन बसवलंय तितं?"

"मी," मी म्हणाले.

मग आबांनीच माझ्या हातातला ट्रे काढून घेतला. "आगं मग हुबी काय राहिलीस पोरी? जा, जा, बघ!"

मी आत पळाले. माझ्यामागे आबा, त्यांच्यामागे मामा, मागे पप्पा. आमच्या स्वयंपाकघरात एवढी माणसं गृहप्रवेशालासुद्धा नव्हती. शोधता शोधता सापडलं. दुधाचा पाहुणा चालू होता, पण बंद-चालू करताना त्याची नेटवर्कची वायर निघाली होती. मी तसं फोनवर बोलून बसले.

"कुठली वायर मॅडम?" ऑपरेटर घाबरून म्हणाला. "मी समद्या दाबून बघितल्या. हितं एक बी निघाली न्हाय."

"अरे बाबा, ती वायर खरी नाही. आतली आहे."

"खरी न्हाय, तर निघाली कशी?"

"आन् वायर खोटी हाय तर माझं खरं दूध कसं काय आडलं?" आबा मागून कडाडले.

लॅपटॉपवर एक छोटा चौकोन रिकामा होता. त्यात टिचकी मारून बरोबरची खूण केली. बस, एवढंच. तिकडे फोनवर आबांचा भाऊ "आली! आली पावती!" म्हणून ओरडला आणि मामांनी आनंदानं पिठाच्या डब्यावर थाप मारली. आई ओट्याच्या कोपऱ्यात उभी राहून माझ्याकडे बघत होती. मी नोकरीला लागल्यापासून काय करते हे तिनं कधी पाहिलंच नव्हतं. मी निघते आणि येते, एवढंच तिला माहीत.

सगळे बाहेर येऊन पुन्हा बसले. दुसऱ्यांदा चहा झाला. आबा फार खूश होते. "हुशार हाय पोरगी," ते म्हणाले. "वादच न्हाय. आख्ख्या गावाचं दूध वाचवलं." मग कप खाली ठेवून आईकडे वळले. "पर आमच्यात सुना नोकरी करत न्हाईत. तेवढं आत्ताच ठरल्यालं बरं."

मी मुलाकडे पाहिलं. बोल की रे, असं मनात ओरडले. तो पंख्याकडे बघत होता. आधी मला फार वाईट वाटलं आणि मग असा राग आला, की कानशिलं तापली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात आई बोलली.

"मग न्हाय जमायचं, आबा. ती नोकरी सोडणार न्हाय."

"आवो ताई, इच्यार करून बोला," मामा म्हणाले.

"केलाय की. आत्ताच आत हुबी राहून केला. च्या घ्या तुमी."

त्यांनी चहा घेतला. जयभीम करून गाडीत बसले, पप्पा फाटकापर्यंत गेले. आईनं दार लावलं आणि जी माझ्यावर तुटून पडली! चांगलं स्थळ गेलं, इंजिनियर गेला, गाई गेल्या, आता मध्यस्थ पुन्हा दारात उभा राहायचा नाही. "तुझ्यापायी घरी आलेल्या मान्सांना तोंडावर न्हाय म्हणाया लागलं मला! जल्मात कुणाला म्हणलं न्हवतं." ती रडत होती आणि कप घासत होती. मी पदर खोचून शेजारी उभी राहिले आणि ती घासेल तो कप विसळत गेले. ती जेवणं होईपर्यंत बोलतच होती, आणि मला त्यातलं एकही बोलणं लागलं नाही.