तळाशी रुंद, तोंडाशी अरुंद

भोकाबद्दल इतका आदर असलेला माणूस मी तरी दुसरा पाहिलेला नाही. माधवगंजात आमच्या शेजारी राहणाऱ्या या दंतवैद्यांना आम्ही दातवाले काका म्हणायचो. कुणाच्याही घरी गेले की भिंतीतला खिळा ते आधी हलवून बघत. उपटलेले दात पाण्यात घालून लोणच्याच्या बरण्यांत ठेवत आणि सवड मिळाली की त्यांत तऱ्हेतऱ्हेची भोकं पाडत. एकात सरळ भिंतीचं, एकात आतून ओरखडलेलं, एकात तळाशी रुंद आणि तोंडाशी किंचित अरुंद. सगळ्यांत चांदी भरायची, ती घट्ट झाली की आकड्यानं ओढायची आणि आधी कुठली निघते ते पाहायचं. एकदा जेवायला आलेल्या पाहुण्यांनी चुकून त्यातली एक बरणी उघडली. काकू म्हणायच्या, "तेव्हापासून आमच्याकडे कोणी लोणचं मागत नाही."

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. रसायनशास्त्र शिकत होतो, पण वर्गात प्रश्न विचारायला बिचकायचो. काकांना मात्र एकदा भीत भीत विचारलं, "काका, चांदी दाताला चिकटते कशी?"

ते इतके खूश झाले की हातातला चहा निवला. "चिकटायला ती काय लेई आहे? अडकून बसते, भैय्या! भोक नीट कोरलं तर बसते, नाही तर पडते. लोक विचारतात चांदी कुठली. भोक कसं पाडलं, कोई नहीं पूछता!" मग माझं फूलबागेत फिरणं सुटलं, संध्याकाळी मी त्यांच्याकडेच जाऊ लागलो.

त्याच सुमारास, स्वातंत्र्यानंतर, आमच्या संस्थानचं सैन्य भारतीय सैन्यात विलीन होत होतं. माझा थोरला भाऊ त्यात शिपाई. त्याला नव्यानं डॉक्टरी तपासणी द्यायची होती, आणि नेमकी दाढ किडलेली. नापास झाला तर नोकरी जाणार. घर त्याच्याच पगारावर चालायचं, माझं कॉलेजसुद्धा.

दादा काकांच्या खुर्चीत बसला. शिलाई मशीनसारखं पायानं चालणारं दात कोरायचं यंत्र काका जरा चालवत, थांबून आरशातून बघत, पुन्हा चालवत. चांदी भरायला घेतली तसा दादा वैतागला. "हो गया क्या, काका? सराफ्यातला डॉक्टर एका बैठकीत भरतो."

"भरतो ना. आणि एका घासात निघते."

तपासणीच्या आदल्या दिवशी, दिवेलागणीला, काका आमच्या दारात उभे. "काल हा 'हो गया क्या' म्हणाला ना, तेव्हा जीभ लागली. भोक ओलं झालं. ओल्यात चांदी धड बसत नाही. काढून पुन्हा भरू या."

बाबा घाबरले. "डॉक्टरसाहेब, सकाळी तपासणी आहे. उद्यापुरती टिकेल ना?"

"उद्या टिकेल. वर्षभरही टिकेल. मग हा कुठं तरी सरहद्दीवर असताना पडली तर? पण आधीच सांगतो, काढताना दाढ चिरली तर उद्याचं काही खरं नाही."

शेवटी दादाच उठला. "चला काका. इस बार मुँह नहीं खोलूँगा."

"अरे, तोंडच तर उघडायचं आहे!"

काकू दारात राहिल्या, कोणी आत येऊ नये म्हणून. काकांनी चांदी काढली, भिंती पुन्हा कोरल्या, कापसानं टिपून टिपून कोरड्या केल्या. दाढ चिरली नाही. दादा पास झाला आणि दूर डोंगराळ मुलुखात गेला.

मी दिसलो की काका विचारायचे, "दादा कसा आहे? आणि दाढ?" दादा पत्रात थंडीबद्दल लिहायचा, दाढेबद्दल कधीच नाही. पुढे राज्यांची पुनर्रचना झाली, आमच्या शहरातल्या बऱ्याच कचेऱ्या भोपाळला गेल्या, काकांचे अर्धे रोगीही गेले. नजर अधू झाल्यावर त्यांनी दवाखानाच बंद केला.

त्यानंतर दादा मोठ्या रजेवर आला तो काकांच्या पाया पडून त्याच खुर्चीत बसला आणि न सांगता तोंड उघडलं. काकांना दिसत नव्हतं. त्यांनी टोकदार सळई चांदीच्या कडेनं हळूहळू फिरवली. कुठं फट असती तर टोक अडलं असतं; ते कुठंच अडलं नाही. सळई पुन्हा एकदा फिरवली. मग ती खाली ठेवली, पण दादाच्या गालावरचा हात मात्र बराच वेळ काढला नाही.