परमिशन आणि कन्सेंट

जुन्नरच्या कागदी चाचांइतका इंग्रजी शब्दांचा लळा असलेला माणूस मला कॉलेजातसुद्धा भेटला नाही, आणि चाचांना तर कुठलंच अक्षर येत नव्हतं. हातकागद करण्यात त्यांचा जन्म गेलेला. गिऱ्हाईक आलं की आधी विचारायचे, "काय लिहिणार यावर?" भांडणाचा अर्ज असला तर ताव द्यायचे आणि वर सांगायचे, "दोन दिस थांबून लिवा." मी सुटीत पुण्याहून आलो की त्यांना नवे शब्द लागत, पण जोडीनं. "सख्खे भाऊ आण, अन् फरक सांग." फरक पटला की एक घोटीव, गुळगुळीत ताव बक्षीस.

त्या उन्हाळ्यात मी परमिशन आणि कन्सेंट नेले. फरक मात्र मला नीट सांगता येईना. माझ्याजवळच्या लहानशा कोशात दोन्हींपुढे 'रुकार' एवढंच होतं. ताव मिळाला नाही. शब्द मात्र चाचांनी ठेवून घेतले आणि साऱ्या आळीवर चालवून पाहिले. शेळी बांधण्याआधी तिच्या तोंडाकडे बघत बसायचे. चाचींनी दुसरी भाकरी वाढली तर म्हणाले, "ही परमिशनची का कन्सेंटची?"

"बाजरीची," चाची म्हणाल्या. "खायची तर खा, न्हाईतर शेळीला इचारते."

सुटी संपत आली. आमच्या पिंपळवंडीच्या मळ्यात मोटेवर बा आणि मी दोघंच. मी गेलो की तो एकटा. निरोप घ्यायला जुन्नरला गेलो तेव्हा चाचा ओले ताव सुकायला भिंतीवर कुंचल्यानं चिकटवत होते.

"बा काय म्हणाला?"

"जा म्हणाला. बैलांकडं बघत."

"म्हणजे परमिशन. तोंडानं सोडलं, मनानं न्हाई." त्यांनी एक दमट ताव कोपऱ्याला धरून ओढला. तो मधोमध फाटला. शेजारचा सुकलेला ताव कडेनं आपसूक सुटून वाऱ्यावर हलत होता. "अन् ह्यो कन्सेंट. चार दिस थांब."

"चाचा, कॉलेज उघडेल."

"उघडू दे. पळून जातंय व्हय?"

मी थांबलो. बासोबत मोट हाकली. पाचव्या दिवशी सकाळी बानं माझी वळकटी स्वतःच गाडीत टाकली. "लई थांबलास," तो म्हणाला. "मास्तर वरडंल. मोटंवर तुझा मामा येतोय." मग सडकेपर्यंत आला, मला टांग्यात बसवलं, आणि टांगा वळणाआड जाईस्तोवर गाडीपाशी उभा राहिला.

दिवाळीत हे सांगितलं तेव्हा चाचांनी घोटीव ताव काढला. मी म्हणालो, फरक तर तुम्हीच सांगितलात. "तुला कुठं देतोय? तुझ्या बाला दे."

बालाही वाचता येत नव्हतं. त्यानं तो ताव बियाण्याच्या कणगीवर, कोरड्या फडक्यात गुंडाळून ठेवला. पुढं गिरणीचा स्वस्त कागद आला आणि चाचांच्या भिंती रिकाम्या झाल्या. तो ताव माझ्याजवळ अजून कोराच आहे. काय लिहिणार यावर, असं विचारायला चाचा आता नाहीत.