काकूंचा पिठलं-भात

गरम पिठल्याचा वास आला की अजून माझं डोकं फिरतं. आईला घास गिळता येईनासा झाला, तेव्हापासून कित्येक महिने काशीतल्या आमच्या दुर्गाघाटच्या घरात तिचं जेवण मिक्सरमधून काढावं लागायचं. गॅसवर दूध उतू जायचं, ऑफिसचे फोन वाजत राहायचे, मला फक्त तिची वाटी दिसायची. ती गेली त्या दुपारी बाबा घाटावरून ओल्या धोतराने परतले आणि रिवाजाप्रमाणे शेजारच्या काकू पिठलं-भात घेऊन आल्या. मी डबा उघडला, भातावर पिठलं आणि कोमट पाणी घालून मिक्सर फिरवला, वाटीत चमचा ठेवला आणि आईच्या खाटेकडे वळले. खाट भिंतीला उभी करून ठेवली होती. मला उभ्या उभ्याच रडू फुटलं. काकू चक्क हसल्या. "अगं वेडे, रडतेस काय? लोक कुठून कुठून मरायला काशीत येतात. सोनं झालं तिचं!" माझ्या अंगाची आग आग झाली. "माझी आई इथं मरायला आली नव्हती, काकू! ती इथं राहत होती!" मी एवढ्यांदा ओरडले की खाली गल्लीतली माणसं थांबली. बाबांनी माझ्या हातातली वाटी घेतली आणि चमच्याने सगळी संपवली. आजही कुणी घरी येऊन 'काशीत गेल्या, भाग्यवान हो' असं सुरू केलं, की मी उठून स्वयंपाकघरात जाते आणि रिकामा मिक्सर लावते. त्यांचं बोलणं थांबेपर्यंत तो बंद करत नाही.