लोहाऱ्याहून न आलेले फोन

कळंब, ढोकी आणि लोहारा, तिन्ही ठिकाणी माझी पाइप-मोटारींची दुकानं आहेत. सुरुवात मी सायकलवर पाइप बांधून केली होती. लोहाऱ्याचं दुकान आठ वर्षं दाजी, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान, सांभाळत होते.

आमच्या धंद्यात शेवटचा भाव मालकाच्या तोंडून निघावा लागतो. शाखेतला माणूस गिऱ्हाइकासमोर मला फोन लावतो, मी भडकतो, तो विनवण्या करतो, मग मी थोडं सोडतो. ढोकीहून असे फोन दिवसभर यायचे. लोहाऱ्याहून क्वचित. विचारलं की दाजी म्हणायचे, "रेंज नसते हो, पाव्हणं." दुकान चालत होतं म्हणून मी खोलात गेलो नाही.

गेल्या वर्षी मी तिन्ही दुकानांचे फोन इंटरनेटवरून एकमेकांना जोडून घेतले. जोडणाऱ्याशी दोन बैठका घासाघीस केली आणि कुणी कुठून कधी फोन लावला ते कॉम्प्युटरवर दिसायची सोय फुकटात पदरात पाडली. आता तीन आकडे दाबले की झालं. माझा नंबर १०१, दाजींचा ३०१. रेंजचं कारण संपलं.

तरी लोहाऱ्याहून फोन येईना. मग एके दिवशी तिकडचा एक शेतकरी स्टार्टर घ्यायला कळंबला आला. मला पाहून हसला. "मालक, परवा लई ताणलं तुमी! तुमच्या पाव्हण्यांनी फोनवर हात जोडले, तवा कुठं मोटारीचा भाव सोडला."

परवा मला लोहाऱ्याहून एकही फोन आला नव्हता. तो गेल्यावर मी कॉम्प्युटर उघडला. लोहाऱ्याचे फोन ओळीनं दिसत होते, दिवसाला आठ-दहा. सगळे ३०१ वरून ३०१ ला. दाजी स्वतःचाच नंबर फिरवायचे, एंगेज टोन ऐकत माझ्याशी भांडायचे आणि भाव स्वतःच सोडायचे.

मी तडक लोहारा गाठलं. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. दाजींना मी कधी अरे-तुरे केलं नाही, त्या दिवशीही नाही, पण आवाज रस्त्यापर्यंत गेला असेल.

"आठ वर्षं माझ्या नावानं नाटक करताय तुम्ही? कंजूष मी, आणि देव तुम्ही?"

दाजी शांतपणे म्हणाले, "खरा फोन केला असता तर सोडलं असतं का तुमी?"

"नसतं सोडलं!"

"मग? गिऱ्हाईक माझ्या म्होरं बसतंय, पाव्हणं. त्याच्या हिरीला पाणी हाय का न्हाय ते मला ठावं. तुमाला न्हाय."

हे मला झोंबलं. मी म्हणालो, "आजपासून प्रत्येक भाव मला विचारायचा. खरोखर."

"बरं, मालक," दाजी म्हणाले. पाव्हणं म्हणाले नाहीत.

त्यांनी शब्द पाळला. नळीच्या तुकड्यासाठीही फोन. विनवणी नाही, हात जोडणं नाही. "मालक, गिऱ्हाईक कमी करा म्हणतंय. काय सांगू?" मी नाही म्हणायचो. पलीकडं ते "न्हाय म्हणत्यात" एवढंच सांगायचे आणि बाकावरून माणूस उठल्याचा आवाज मला कळंबात ऐकू यायचा. आवाज इतका स्वच्छ येईल असं वाटलं नव्हतं. ते मुद्दाम करतात, हे मला कळत होतं. मीही मुद्दामच नाही म्हणत होतो, हेही.

महिनाभरानं ३०१ वरून फोन आला. बहीण बोलत होती. ती कधी दुकानात बसत नाही.

"दादा, हे उद्यापासून येणार न्हाईत. शेताकडं बघतो म्हणत्यात."

"त्यांनी सांगितलं मला फोन कर म्हणून?"

"न्हाय. ते इथंच बसलेत. फोन देऊ का?"

पलीकडं कुणीतरी घसा खाकरला. दाजींनी मला एकदा तरी खरं सांगायला हवं होतं, असं मला तेव्हा वाटत होतं आणि आजही वाटतं. पण "दे" हा एक शब्द माझ्या तोंडून निघेना.

मी म्हणालो, "चावी पाठवून दे."

"बरं," ती म्हणाली, आणि रिसीव्हर ठेवायच्या आधी तिनं तिकडं वळून त्यांना सांगितलेलं मी ऐकलं, "चला घरी."