काकांचं एकच मत

"मले काय समजते त्यातलं!" असं म्हणून काका जे बोलायला लागत, ते समोरचा चहा थंड झाल्याशिवाय थांबत नसत.

नवा रायपूरच्या आमच्या संस्थेत दरवर्षी नव्या चित्रकारांचं स्पर्धा-प्रदर्शन भरतं. चित्रं भिंतीवर टांगायचं काम काकांचं. जुन्या रायपुरातल्या तात्यापारा मोहल्ल्यात त्यांचं फ्रेमचं दुकान होतं. तिथून एवढ्या लांब स्कूटर हाकत यायचे. मी तिथली संयोजक, म्हणजे पाहुण्यांच्या गाडीपासून फीत कापायच्या कात्रीपर्यंत सगळं बघणारी. खरं सांगते, इतकी वर्षं प्रदर्शनं भरवून चित्रांकडे बघायचा माझा उत्साह पार आटला होता. मी फक्त लेबलं बघायची.

काका चित्रं बघायचे. टांगलं की चार पावलं मागे सरायचे, खांद्यावरच्या दुपट्ट्याला हात पुसायचे आणि उभे राहायचे. परीक्षकांची बक्षिसं लागली की माझ्या कानाशी येऊन म्हणायचे, "चांगलंच असन. मले काय समजते." म्हणजे निकाल पटलेला नाही, हे मी ओळखायची.

परीक्षकांखेरीज एक बक्षीस लोकांच्या पसंतीचं असतं. आवडलेल्या चित्राचा नंबर चिठ्ठीवर लिहायचा आणि पेटीत टाकायचा. टांगणाऱ्यानं मात्र मत देऊ नये, हा काकांचा स्वतःचाच नियम. कोणाला उजेडात लावायचं, कोणाला कोपऱ्यात, हे आपल्या हातात असतं. मग वर मतही आपणच कसं द्यायचं, असं त्यांचं म्हणणं.

दोन वर्षांपूर्वी हा नियम त्यांनी मोडला. धमतरीहून एक पोरगी बसनं चित्र घेऊन आली. घर मराठी, सगळं समजायचं, बोलायची हिंदीत. चित्रात गच्चीवर उन्हात घातलेली एक गादी होती, बाकी काही नाही. काका खिळा ठोकत असताना तिनं सांगून टाकलं, या वेळी काही मिळालं नाही तर घरचे रंगबिंग बंद करायला लावणार. शिक्षक भरतीचा फॉर्मही भरून ठेवलाय.

ती गेल्यावर काका मागे सरले आणि दुपट्ट्याला हात पुसत उभे राहिले. मग म्हणाले, "ताई, ह्या गादीवरून माणूस आताच उठून गेला पाहा." मी पाहिलं. मला गादीच दिसली.

परीक्षकांनी तिच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. उरली लोकांची पसंती. शेवटच्या रविवारी काकांनी तात्यापाऱ्यातलं अख्खं भजनी मंडळ दोन गाड्यांत कोंबून आणलं. वाटेत नंबर पाठ करून घेतला, वर समोसे खाऊ घातले. बाया उतरल्या, चष्मे पुसले आणि चित्रं बघायला लागल्या. अगदी मनापासून, दोन तास! पेटी उघडली तेव्हा कोणाला घोडा आवडला होता, कोणाला नदी, आणि एकीला तर दारामागचं ते काळंकुट्ट चित्र, जे लावताना आम्हालाच वरची बाजू कळली नव्हती. गादीला मत एक. अक्षर काकांचं.

मला हसू आवरेना. काका हसले नाहीत. "बायाईनं खरं सांगितलं," ते म्हणाले. "त्याईले काय बोलू?"

पोरगी चित्र न्यायला आली तेव्हा थोडक्यात हुकलं असं सांगायचं मी ठरवून ठेवलं होतं. थाप मारायला माझं काय जात होतं? पण तिनं मला नाही, काकांना विचारलं.

"एकच पडलं, बेटा. माझं," काका म्हणाले. "पण पंधरा दिवस रोज पाहून राहिलो मी. एक दिवसबी जुनं नाही वाटलं."

ती रडेल असं मला वाटलं. ती वाकून त्यांच्या पाया पडली. काकांनी चित्राला जुनं धोतर गुंडाळलं, सुतळी बांधली आणि तिला बसपर्यंत सोडून आले.

काका गेल्या फाल्गुनात गेले. छातीत दुखलं, दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. आता टांगायला एजन्सीची माणसं येतात. सरळ टांगतात, फोटो काढतात आणि निघून जातात. मला काकांची फार आठवण येते. ऑफिसात हे कोणाला सांगणार, म्हणून इथे सांगतेय.

परवा त्या पोरीचा फोन आला. शाळेत नोकरी लागलीय, पण शाळा सुटल्यावर चित्रं काढते म्हणाली. एक नवीन पूर्ण झालंय, काका कुठल्या दिवशी भेटतील, असं विचारत होती. मी सांगितलं. पलीकडे मुलांचा गलका चालूच होता.

मग ती म्हणाली, "तो दीदी, अब किसको दिखाऊँ?"

मला दाखव, असं म्हणायचं होतं. मी तिला प्रवेशिका पाठवायची शेवटची तारीख सांगितली.